गाडीचे कागद
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू कम्प्युटरवाली, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी हो म्हटलं आणि तयारीही केली. पण गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एकाने विचारलं, "मुलगा टेम्पो घेतोय, कागद काय काय लागतात?" त्यावर चाळीस उत्तरं आली आणि त्यातली निम्मी चुकीची होती. आपल्या वर्गातल्या सात-आठ जणांच्या घरी आज मालवाहू गाडी आहे. म्हणून मी विषय बदलला. संयोजकांनी माफ करावं.

माझे बाबा ट्रक ड्रायव्हर होते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्याची गाडी चालवली. २०१४ साली माझ्या धाकट्या भावाने कर्ज काढून दहा चाकी ट्रक घेतला. आरसी बुकावर मालक म्हणून आमच्या घरातलं नाव पहिल्यांदाच आलं. बाबांनी ते पान तीन-चारदा वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

पाच वर्षं धंदा बरा चालला. सांगलीची हळद घेऊन गाडी बेंगळुरूला जायची, येताना मिळेल ते भाडं आणायची. २०१९ च्या जुलैमध्ये संध्याकाळच्या पावसात धारवाडजवळ आमच्या गाडीची एका मोटारसायकलला धडक बसली. ड्रायव्हर पळून गेला नाही. त्यानेच जखमी माणसाला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला.

आम्हाला वाटलं, विमा आहे. हप्ता भरलेला, पॉलिसी चालू. मग कंपनीच्या वकिलाने एक तारीख दाखवली. नॅशनल परमिट स्वतः पाच वर्षांचं असतं, पण राज्याबाहेर जायची परवानगी दरवर्षी पैसे भरून वाढवून घ्यावी लागते. ती संपून नऊ दिवस झाले होते. भावाने साडेसोळा हजार रुपये एजंटाकडे आधीच दिले होते. एजंट म्हणाला होता, "होऊन जाईल." झालं नव्हतं.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की परमिट नसताना व्यापारी गाडी रस्त्यावर आणणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे. अशा वेळी कंपनीने जखमी माणसाला आधी पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे. आमच्या बाबतीत न्यायाधिकरणाने तेच केलं. त्या माणसाला भरपाई मिळाली, मिळायलाच हवी होती. कंपनीने आमच्याकडून व्याजासह साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम वसूल केली. बाबांनी आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट त्यात गेला.

सही करून परत येताना बाबा एवढंच म्हणाले, "तारीख बघायची कुणी होती?"

त्या वर्षी पुण्यात मी काय काम करत होते, तर सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपण्याआधी तीस दिवस इशारा देणारी यंत्रणा बांधत होते. परक्या कंपन्यांच्या शेकडो तारखा मी सांभाळत होते. घरच्या एका गाडीच्या पाच-सहा तारखा मी कधी विचारल्याही नव्हत्या.

म्हणून आज त्या तारखांबद्दलच सांगते. गाडीचे कागद एकाच दिवशी संपत नाहीत, घोळ तिथेच होतो. विमा वर्षाचा. पीयूसीची मुदत वेगळी. टॅक्सची वेगळी. पासिंग, म्हणजे फिटनेस, नव्या गाडीला पहिली दोन वर्षं असतं. मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. परमिट पाच वर्षांचं आणि राज्याबाहेरची परवानगी वर्षाची. ड्रायव्हरच्या लायसन्सची तारीख आणखी वेगळी, तीही मालकानेच बघायची.

शिवाय हे कागद एकमेकांवर टेकून उभे असतात. विमा किंवा टॅक्स संपला की पासिंग अडतं. पासिंग अडलं की परमिटचं काम अडतं. आणि फिटनेस नसलेली व्यापारी गाडी कायद्याच्या दृष्टीने धड नोंदलेलीही राहत नाही. एक वीट निघाली की भिंत हलते.

ज्याचा मुलगा टेम्पो घेतोय त्याला सांगते. गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, तीन हजार किलोंपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. आपण ज्याला छोटा हत्ती म्हणतो त्या गाड्या यात येतात. पण परमिट नको म्हणजे काहीच नको असं नाही. विमा, पासिंग, टॅक्स, पीयूसी सगळं लागतं.

जुनी गाडी घेणार असाल किंवा विकणार असाल, तर फक्त स्टॅम्पपेपरवर व्यवहार करू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवरचं नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच. विकलेल्या गाडीने अपघात केला आणि नाव तुमचं असेल, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. आपण मोटारसायकल विकतो त्यालाही हेच लागू आहे.

धंद्याची नोंद करणं त्या मानाने सोपं. एक-दोन गाड्यांना कंपनी काढायची गरज नाही. पॅन, धंद्याचं वेगळं बँक खातं आणि उद्यम नोंदणी पुरे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. दहापर्यंत गाड्या असतील तर आयकरात गाडीमागे ठरावीक उत्पन्न दाखवायची सोय आहे. आणि पॅनसोबत तसं लिहून दिलं तर भाडं देणारा टीडीएस कापत नाही. पण स्वतःच्या नावाने बिल्टी फाडायला लागलात की तुम्ही ट्रान्सपोर्टर झालात. मग जीएसटी आणि वाहतूकदार म्हणून वेगळी नोंदणी हे प्रश्न येतात. त्या दिवशी मात्र सीए गाठा.

रस्त्यावर ई-वे बिलाचीही तारीख असते. साधारण मालाला दोनशे किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. गाडी वाटेत बंद पडून माल दुसऱ्या गाडीत चढवला तर नव्या गाडीचा नंबर त्यात टाकावा लागतो. मुदत संपत असेल तर आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. हे ड्रायव्हरला माहीत हवं, कारण त्या वेळी मालक झोपलेला असतो.

आता आमच्या घरी काय केलं ते सांगते. मी मोठ्या हौसेने भावाला मोबाइलवर इशारे देणारी सोय करून दिली. दोन महिन्यांत त्याने ती बंद केली, फार वाजते म्हणाला. चाललं ते माझ्या भावजयीचं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ती प्रत्येक कागदाची तारीख लाल पेनाने लिहिते आणि तीस दिवस आधीच्या चौकोनात गाडीचा नंबर. काम एजंट करतो, अजूनही करतो. पण नवा कागद स्वतः परिवहनच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय ती गाडीची किल्ली देत नाही. आज आमच्या दोन गाड्या आहेत. गेल्या चार वर्षांत एकही तारीख चुकलेली नाही.

शेवटी एक आठवण. आठवीत शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी लिहिलं, खासगी नोकरी. मला लाज वाटली होती. समोर बसलेल्या बाईंनी तेव्हा मला टेबलापाशी बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "ड्रायव्हर लिही. कागदावर खरं तेच असावं. उद्या अडचण आली की माणसं विसरतात, कागद उभा राहतो." मी खोडून ड्रायव्हर लिहिलं.

बाई, तुम्हाला ते आठवत नसेल. बाबा आज नाहीत. पण परवा इथे नोंदणीच्या फॉर्मवर घरच्या व्यवसायाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, ट्रक मालक, दोन गाड्या, कागद पूर्ण.