चतुराचा पंख आणि आपली हिशेबवही
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. विज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय! तथापि हिशेबवही पाहताना एक गोष्ट खुपते. शस्त्रक्रिया सवलतीत होते. पण पुढे जखमेत जंतुसंसर्ग झाला, की प्रतिजैविकांच्या बिलापायी कुटुंबाची पुंजी संपते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला.

म्हणून शास्त्रज्ञ निसर्गाकडे वळले. सिकाडा या कीटकाच्या पंखावर अतिसूक्ष्म सुळके असतात. त्यांवर स्यूडोमोनास जंतू टेकला की त्याचे आवरण ताणून फाटते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले. तेथे औषध नाही, केवळ रचना आहे. मात्र जाड कवचाच्या जंतूंपुढे तो पंख निष्प्रभ ठरला. २०१३ मध्ये चतुराच्या पंखाशी साम्य असलेल्या काळ्या सिलिकॉनने दोन्ही प्रकारचे जंतू मारले.

संकरित पदार्थांची कल्पनाही अशीच आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये चांदीचे नॅनोकण मिसळतात. कायटोसानचा धनभार जंतूच्या ऋणभारित आवरणाला भिडतो, तर चांदीचे आयन त्याची प्रथिने निकामी करतात.

गतवर्षी एका देणगीदारांनी चांदीचा लेप दिलेल्या कॅथेटरसाठी रक्कम देऊ केली. आमच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीकडे लक्ष वेधले. ब्रिटनमधील ७ हजारांहून अधिक रुग्णांवरील त्या चाचणीत, अल्पकाळ वापरायच्या अशा कॅथेटरपासून म्हणण्यासारखा लाभ दिसला नव्हता. शिवाय मृत जंतूंचा थर साचला की सूक्ष्म सुळकेही बोथट ठरतात. संकोच बाजूला ठेवून आम्ही त्या देणगीदारांना विनंती केली आणि त्यांनी ती उदार मनाने मान्य केली. त्या रकमेतून प्रत्येक कक्षाच्या दाराशी हात धुण्याची सोय झाली आणि कल्चर तपासणी आता येथेच होते. कोणत्या जंतूवर कोणते औषध चालेल, हे त्यामुळे लवकर कळते.

नव्या संशोधनाकडे आम्ही पाठ फिरविलेली नाही. रुग्णांवरील चाचण्यांत ते सिद्ध होईल, त्या दिवशी आम्ही आपल्याच दारी येऊ. तोवर नातेवाइकांना एकच प्रार्थना: खाटेजवळ जाण्यापूर्वी हात धुवावेत. यासाठी देणगी लागत नाही.