चौकशी आणि विचारपूस



आपल्या मराठीत ‘चौकशी’ आणि ‘विचारपूस’ असे दोन शब्द आहेत. दोहोंतही प्रश्नच विचारले जातात. परंतु चौकशी बहुधा विचारणाऱ्याच्या गरजेपोटी होते, तर विचारपूस समोरच्या माणसाच्या काळजीपोटी. शासनसेवेत असल्यामुळे पहिल्या शब्दाशी माझा परिचय अधिक. मात्र एखादी आघात सोसलेली व्यक्ती मानसोपचारासाठी प्रथमच येते, तेव्हा हा भेद विसरला गेला तर उपचाराच्या आरंभीच इजा होते.

मी ज्या लखनौहून बोलत आहे, तेथील एक उदाहरण पाहा. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूची गळती झाली. देहांबरोबर मनेही पोळली असणार, हे ओळखून १९८५ च्या आरंभी येथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाचे एक पथक प्राध्यापक बी. बी. सेठी यांच्या नेतृत्वाखाली तेथे कामास लागले. वायुपीडित भागांतील दहा दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांना प्रथम एक छोटी प्रश्नावली विचारण्यात आली. झोप नीट लागते का, भूक लागते का, डोके दुखते का, सहज भीती वाटते का, असे तिचे स्वरूप. त्या काळरात्रीची कहाणी तीत मागितलेली नव्हती. ज्यांच्या उत्तरांवरून शंका आली, त्यांचीच पुढे सविस्तर तपासणी झाली आणि १९३ जणांत मानसिक विकार आढळला.

यातून घेण्याजोगा बोध असा की, घावाचे वर्णन न मागताही त्याचा परिणाम जाणता येतो. पहिल्या भेटीत हवे असते ते एवढेच: हा माणूस आज सुरक्षित आहे काय, आणि त्याला कोणते साहाय्य हवे? सारे ओकून टाकले म्हणजे मन हलके होते, ही समजूत सर्वत्र खरी नाही. नुकत्याच आघातातून गेलेल्यांकडून घटनेची उजळणी करवून घेण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच बजावले आहे. खपली काढणे म्हणजे उपचार नव्हे.

मग विचारावे कसे? प्रथम एकांत हवा. आपल्याकडे रुग्णासोबत नातेवाईक येतात, त्यांचा आधारही असतो. पण छळ करणारा त्यांच्यातीलच असू शकतो. म्हणून काही वेळ तरी रुग्णाशी एकट्याने बोलावे. प्रश्न कशासाठी विचारतो हे सांगावे, आणि उत्तर न देण्याची मोकळीक आहे, हेही सांगावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तथापि त्या हक्काला मर्यादाही आहेत. बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या कायद्यानुसार तो पोलिसांना कळवावाच लागतो. ही मर्यादा बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगणे हा प्रामाणिकपणा होय. नंतर सांगितल्यास तो विश्वासघात वाटतो.

काही प्रश्न मात्र टाळू नयेत. घरी परत जाणे निर्धोक आहे का? जीव द्यावासा वाटतो का? असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट कोंडलेल्या माणसाला वाट मिळते. बोलता बोलता श्वास वाढला, नजर शून्य झाली, तर वहीत कितीही रकाने रिकामे असोत, तेथेच थांबावे. पाय जमिनीला टेकवायला सांगावे, खोलीतील चार वस्तूंची नावे विचारावीत, म्हणजे मन वर्तमानात परतते. निरोप देण्यापूर्वी घरी सोबत कोण आहे आणि पुढची भेट केव्हा, हे ठरवावे. आणि एका मेजावर सांगितलेली व्यथा दुसऱ्या मेजावर पुन्हा सांगावी लागू नये, अशी नोंद ठेवावी. हे काम आम्हा कागदपत्रे सांभाळणाऱ्यांचेही आहे.

ज्यांना केंद्रापर्यंत जाणे कठीण, त्यांच्यासाठी २०२२ पासून शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे.

लखनौच्या ‘पहले आप’ या रीतीची आपण कधी थट्टा करतो. दुःखिताच्या बाबतीत मात्र ती रीत अक्षरशः पाळावी. किती सांगायचे आणि केव्हा सांगायचे, हे आधी त्याने ठरवावे. आपण तोवर स्वस्थपणे बसून राहावे.