मधुमेह आणि घरचें ताट

डोंबिवलीस राहणारे व नोकरीनिमित्त रोज मुंबईस जाणारे असे एक मध्यमवयीन गृहस्थ डोळ्यांसमोर आणावे. अंगानें सडपातळ, पोटाचा घेर मात्र अलीकडे थोडा वाढलेला. कचेरीच्या वार्षिक तपासणींत त्यांची उपाशीपोटीं घेतलेली रक्तशर्करा १६८ निघते. मागील तीन महिन्यांचें सरासरी मान सांगणारी एचबीएवनसी चाचणी ८.१ दाखविते. पहिला आकडा १२६ किंवा दुसरा ६.५ यांच्या घरांत पोंचला आणि फेरतपासणींतहि तसाच आला, कीं मधुमेहाचें निदान होतें. गृहस्थ तो कागद घडी करून खिशांत ठेवतात व घरीं कोणास कांहींच सांगत नाहींत. अनेक घरांत मधुमेहाचा पहिला दिवस असाच मुकाट्यानें जातो, आणि पहिली चूकहि तेथेंच होते.

लपविण्याचें कारण लाज. 'मी गोडखाऊ नाहीं, लठ्ठहि नाहीं. मग हा रोग मला कसा?' असें त्यांस वाटतें. या शंकेचें उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं मोठ्या मार्मिकपणें दिलेलें आहे. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसण्यांत सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या शरीरांत चरबी अशी दडलेली असूं शकते, व पोटांतील चरबी इन्शुलिनच्या कार्यांत अडथळा आणते. त्यांत आनुवंशिकतेची भर पडते. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशांत सुमारें १० कोटी मधुमेही आहेत. तेव्हां हा रोग म्हणजे कोणा एकाच्या पापाचें फळ नव्हे.

यथावकाश घरीं कळतें, आणि दुसरी चूक घडते. पत्नी प्रेमापोटींच त्यांचें ताट वेगळें काढते. इतरांच्या पानांत गरम भात, बटाट्याची भाजी व श्रीखंड. यांच्या पानांत कोरडी भाकरी व उकडलेल्या भाज्या. पंधरा दिवस हें पथ्य चालतें. सोळाव्या दिवशीं गृहस्थ स्टेशनाबाहेर उभे राहून दोन वडापाव खातात, आणि घरीं येऊन भूक नाहीं म्हणतात. पथ्य मोडलें तें जिभेमुळें नव्हे, एकटेपणामुळें.

उपाय साधा आहे. ताट वेगळें न करतां सर्वांचेंच ताट बदलावें. अर्ध्या पानांत भाजी व कोशिंबीर, पाव पानांत उसळ, डाळ, अंडें किंवा मासळी, आणि उरलेल्या पाव पानांत पोळी, भाकरी अथवा भात. साखरेऐवजीं गूळ वा मध घेतल्यानें कांहीं साधत नाहीं. रक्तांत गेल्यावर त्यांचीहि साखरच होते. कारल्याची भाजी खुशाल खावी, पण तिच्या भरंवशावर गोळी सोडूं नये. मधुमेह्याच्या मुलांना या रोगाचा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणून हें ताट त्यांच्याहि हिताचेंच आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. गाडींत तासभर चेंगरून उभें राहणें म्हणजे व्यायाम नव्हे. आठवड्यास १५० मिनिटें भरभर चालणें हवें. ठाणेकरांस मासुंदा तलावाचा कांठ आहे, कल्याणकरांस काळा तलाव आहे. डोंबिवलीकरास इमारतीच्या आवारांतील फेऱ्याहि पुरतात. रात्रीं जेवल्यावर पत्नीसह दहा-पंधरा मिनिटें चाललें, तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. इन्शुलिन किंवा कांहीं विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याची गाडी वाटेंत अडकली व जेवण लांबलें, तर रक्तांतील साखर ७० च्या खालीं उतरूं शकते. घाम सुटतो, हात कांपतात, भान हरपतें. आपल्या गोळ्या त्या जातीच्या आहेत काय, हें डॉक्टरांस विचारून ठेवावें. आणि तशा असल्यास पिशवींत साखरेची पुडी बाळगावी. लक्षणें दिसतांच तीन चमचे साखर खावी व पंधरा मिनिटांनीं बरें न वाटल्यास पुन्हां खावी. मधुमेह्याजवळ साखर असावी, हें ऐकण्यास विचित्र वाटलें तरी प्राण वाचविणारें आहे.

हा रोग बहुधा दुखत नाहीं, यांतच त्याचा धोका आहे. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें व पायांच्या शिरा यांस तो मुकाट्यानें इजा करतो. म्हणून डोळे व लघवी यांची तपासणी दरवर्षीं करावी, तळपाय रोज पाहावे आणि अनवाणी हिंडूं नये. पुढें कधीं इन्शुलिन घ्यावें लागलें, तर ती हार समजूं नये. १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें चौदा वर्षांच्या एका मुलास तें प्रथम टोचलें गेलें. त्यापूर्वीं तशा मुलांस उपासमार हाच काय तो उपाय असे.

त्या गृहस्थांच्या खिशांतील कागद अखेर बाहेर येतो. पत्नी तो स्वयंपाकघरांत दिनदर्शिकेशेजारीं टांचते आणि पुढील तपासणीच्या तारखेभोंवतीं खूण करते. दिवाळींत शेजारी पेढा पुढें करून 'एकानें काय होतें?' म्हणतात, तेव्हां मुलगी हंसून अर्धा पेढा बाबांस देते व अर्धा स्वतः खाते. तीन महिन्यांनीं ८.१ चा आकडा ७.२ वर येतो. तो नवा कागद टांचण्यास आतां घरांतील सर्वच जण उभे असतात.