गिरणीचा भोंगा आणि खिशातला फोन

मोबाइलच्या अतिवापराची चर्चा बहुधा व्यसनमुक्तीच्या भाषेत चालते. मन आवरा, ध्यान करा, असा उपदेश नोकरदाराला केला जातो. परंतु रात्री दहा वाजता साहेबाचा संदेश येताच जो फोन उचलतो, तो चाळा म्हणून नव्हे, नोकरीच्या धास्तीने उचलतो. प्रश्न कामाच्या तासांचा आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. गिरणीचा भोंगा कठोर खरा, पण काम सुटल्याचाही भोंगा होई! फोनला तो नाही. घरी बसून केलेले काम हजेरीपत्रकात चढत नाही, म्हणून त्याचा मोबदलाही नाही.

फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना याविषयी संघटनांशी वाटाघाटी करणे बंधनकारक केले. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. आता कामगार संघटनांनीच पुढील कराराच्या मागणीपत्रकात, महागाई भत्त्याच्या शेजारी, हे कलम घातले पाहिजे: पाळी संपल्यावर आलेल्या संदेशास उत्तर न दिल्याबद्दल कोणासही जाब विचारता येणार नाही.