माळढोकाचा नकाशा आणि आपली सही

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विश्वस्तांनी मला ‘जीवदया आणि पर्यावरण’ हा विषय दिला होता. त्यावर आपल्यातील पंडितमंडळी माझ्यापेक्षा अधिक अधिकारवाणीने बोलू शकतील. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला. म्हणून मी आज एका नकाशाविषयी बोलणार आहे. तो आपल्या सोलापूर जिल्ह्याचाच आहे. त्यावर ओढलेल्या एका रेषेने एक पक्षी आणि येथील शेतकरी यांना एकमेकांचे वैरी केले.

माळढोक आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत फार वजनदार गणला जातो. नराचा ‘हूम’ असा घुमणारा आवाज दूरवर जातो. म्हणून त्याला हूम असेही नाव आहे. मादी विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्याशिवाय. एवढ्या नाजूक बेताने जगणाऱ्या जीवाला दाट जंगल चालत नाही. त्याला दूरवर नजर पोहोचेल असे कुसळी गवताचे मोकळे माळ आणि त्यांच्या कडेची ज्वारी, तूर, करडईची कोरडवाहू शेते लागतात.

त्याच्या रक्षणासाठी १९७९ साली शासनाने माळढोक अभयारण्य घोषित केले. हेतू उत्तम होता. क्षेत्र मात्र ८,४९६ चौरस किलोमीटर! अख्खे गोवा राज्य सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे गोव्याच्या दुपटीहून मोठे अभयारण्य. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांतील जमीन त्यात आली. माळ आले तशी गावठाणे आली, बाजारपेठा आल्या, ओलिताची शेतेही आली. वनखात्याच्या प्रत्यक्ष ताब्यातील जमीन मात्र विखुरलेली होती आणि एकूण क्षेत्राचा लहानसा भाग होती. ती रेष ओढताना गावोगावी कोणी विचारले नाही. आपणही विचारले नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कायदा काय सांगतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात जिल्हाधिकाऱ्यांनी उद्घोषणा काढून लोकांचे हक्क तपासण्याची तरतूद आहे. आपला हक्क दोन महिन्यांत लेखी मांडता येतो, आणि चौकशीअंती एखादी जमीन हद्दीतून वगळताही येते. त्याच अधिनियमाचे विसावे कलम असे की, अधिसूचनेनंतर तेथील जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क मिळविता येत नाही. हक्कांची चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली आणि खरेदी-विक्री अडली, ही आपली गोष्ट.

आमच्याच घरचे सांगतो. २००६ साली पुतणीच्या लग्नासाठी थोरल्या बंधूंनी तीन एकर रान विकायचे ठरविले. गिऱ्हाईक ठरले, विसार झाला, आणि दस्त अडला. ना-हरकत दाखल्यासाठी ते सात महिने एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. लग्न अखेर सावकाराच्या पैशावर झाले. एके संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवण उरकून ओसरीवर बसलेले असताना ते म्हणाले, “तो पक्षी एकदाचा संपला तर आपण सुटलो.” आमच्या घरी पाणी गाळून पितात. दिव्यावर पतंग येतील म्हणून आमची आई दिवा झाकीत असे. त्या घरात हे वाक्य उच्चारले गेले, आणि मी त्यांना काहीही बोललो नाही.

पुढे हद्द कमी करण्याची मागणी जोर धरू लागली. अभयारण्याच्या हद्दीत बदल करायचा तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते. तसे ते गेले, आणि २०१२ साली क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. त्या काळात आमच्या गावानेही अर्ज केला होता. मसुदा माझ्या हातचा. वगळावयाचे गट नंबर त्यात मी स्वच्छ अक्षरात, अनुक्रमे लिहिले. कोणता माळ राखावा, पक्षी कोठे अंडी घालतो, गुराख्यांना तो कोणत्या महिन्यात दिसतो, यातले एक अक्षर त्यात नव्हते. ती माहिती गावातल्या मेंढपाळांपाशी होती आणि मला ते ठाऊक होते. आमची मागणी न्याय्यच होती, हे मी आजही म्हणेन. पण नागरिक म्हणून मिळालेली एक संधी आम्ही केवळ आपली जमीन सोडवून घेण्यात खर्च केली.

दरम्यान उजनीच्या पाण्याने ज्वारीची जागा उसाला दिली, नान्नजच्या द्राक्षांचे नाव झाले. शेतकऱ्याने सुखी होऊ नये असे कोण म्हणेल? माळ मात्र सातबारावर ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ म्हणूनच राहिला, आणि पडीक म्हटले की कोणालाही ते कशाने तरी भरून काढावेसे वाटते. कोणी तेथे खडी काढली, कोणी प्लॉट पाडले. काही ठिकाणी तर हिरवळ वाढावी या सद्हेतूने गवताळ माळांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला अलीकडे एखादी मादी दिसली तर ती बातमी होते. लांडगे, काळवीट, खोकड अजून आहेत. त्यांनाही तोच माळ लागतो.

आता आपल्या ट्रस्टकडे वळतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त गावाबाहेरील आपल्या माळावर वृक्षारोपण करण्याचा ठराव झाला आहे. या ठरावाविरुद्ध बोलणे मला जड जाते. रोपांसाठी देणगी देणारे सद्गृहस्थ समोरच बसले आहेत. तरीही विनंती करतो की रोपे धर्मशाळेच्या आवारात, पांजरपोळात आणि रस्त्याकडेला लावावीत. माळाला चराईपासून काही महिने विश्रांती द्यावी आणि गवत वाढू द्यावे. अशी जमीन स्वेच्छेने राखणाऱ्या व्यक्तीला वा समुदायाला २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव क्षेत्रा’ची सोय ठेवली आहे, फक्त ती जमीन अभयारण्याच्या हद्दीत नसावी. आपला गट सध्याच्या हद्दीत आहे की बाहेर, हे प्रथम तपासावे लागेल.

दुसरे, आपल्यातील चार-पाच तरुणांनी, विशेषतः वकिली व अभियांत्रिकी शिकलेल्यांनी, एक काम अंगावर घ्यावे. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागविल्या जातात. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना निघाली की साठ दिवस मिळतात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील ती जाहीर सूचना आपण बहुधा वाचत नाही, कारण त्याच पानावर सोन्याचा भाव असतो. ती वाचून, नकाशा पाहून, ग्रामसभेत समजावून सांगावी. २००२ च्याच जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही असावयास हवी. आमच्या गावची नोंदवही मी मागितली, तेव्हा ती कपाटातून निघाली. त्यातली पक्ष्यांची पाने कोरी होती. ती भरण्यासाठी एका वृद्ध मेंढपाळाला घेऊन मी येत्या रविवारी बसणार आहे. कोणाला यावयाचे असल्यास सकाळी सात वाजता मंदिराच्या ओट्यावर यावे.

माळावरील खड्डे अद्याप खणलेले नाहीत, असे चिटणीस साहेबांनी मघाशी सांगितले. पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, एवढी विश्वस्तांना नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.