अर्धा तास, पण कोणाचा?

(केंद्राच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या गावातल्या केबल चॅनेलनं आपल्याला दर आठवड्याला अर्धा तास देऊ केला आहे. अट एकच: सणवार, पाककृती, आरोग्य चालेल, ‘घरगुती भानगडी’ नकोत. तो अर्धा तास घ्यायचा की नाही, हे आज जेवणानंतर ठरवायचं आहे.

जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. १९९६ साली आपण दारूबंदीच्या मोर्चाची कॅसेट घेऊन एका केबलवाल्याकडे गेलो होतो. त्यानं ती लावली, पण रात्री साडेअकराला. भांडी घासून, पहाटेच्या पाण्यासाठी गजर लावून बाया तेव्हा झोपल्या होत्या. आपण बोललो खरं, पण ऐकलं कोणी?

हे आपल्याच वाट्याला येतं असं मला वाटायचं. पुढे कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या गावांविषयी वाचनात आलं. मी तिथं गेलेली नाही. पण ती हकीकत आज तुम्हाला सांगावीशी वाटते.

तिथली शहरं छोटी आणि एकमेकांपासून फार दूर. यलोनाइफला १९६७ साली टीव्ही आला तो टेपांच्या रूपानं. दक्षिणेकडे मुद्रित केलेले रोज चार तासांचे कार्यक्रम; त्यात गावचं काहीच नाही. मग नोव्हेंबर १९७२ मध्ये, म्हणजे आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात, कॅनडानं ‘अनिक’ हा उपग्रह सोडला. इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत अनिक म्हणजे भाऊ. पुढच्या वर्षी या भावानं थेट प्रक्षेपण फ्रोबिशर बे इथं, आजच्या इकालुइट शहरात, पोचवलं. भाऊ घरी आला, पण त्याला बहिणीची भाषा येत नव्हती! कार्यक्रम जवळजवळ सगळे इंग्रजी.

इग्लूलिक नावाच्या छोट्या वस्तीनं मात्र १९७५ आणि १९७९ साली, दोनदा मतदान घेऊन, टीव्हीला नकार दिला. पडद्यावर आपली भाषा नाही, आपली माणसं नाहीत, मग मुलं काय शिकणार, ही त्यांची काळजी होती. १९८१ साली इनुइट लोकांच्या स्वतःच्या प्रसारण संस्थेला परवाना मिळाला. इग्लूलिकनं होकार दिला तो त्यानंतरच. या संस्थेच्या अध्यक्षपदी पुढे रोझमेरी कुप्ताना ही बाई आली. बाहेरून येणाऱ्या टीव्हीला तिनं न्यूट्रॉन बॉम्बची उपमा दिली: इमारती शाबूत राहतात, माणसं संपतात.

पण परवान्यानं प्रश्न सुटला नाही. कार्यक्रम दाखवायचे ते सार्वजनिक वाहिनीच्या उरलेल्या वेळात, बरेचदा रात्री उशिरा. आपल्या साडेअकराची आठवण होते ना? उत्तरेची स्वतंत्र वाहिनी सुरू व्हायला जानेवारी १९९२ उजाडावा लागला.

त्याच सुमारास, १९९१ मध्ये, इग्लूलिकच्या बायकांनी ‘आर्नाइत’ हा आपला व्हिडिओ गट काढला. म्हाताऱ्या बायका सांगणार, तरुण मुली टिपणार. १९९३ ची त्यांची एक छोटी फिल्म फक्त दिवा लावण्याविषयी आहे. सीलच्या चरबीवर जळणारा तो दगडी दिवा बायकांनीच सांभाळायचा असतो. याच गटानं २००८ साली पूर्ण लांबीचा चित्रपट केला. आणि २०२१ मध्ये इनुइट भाषेत चोवीस तास चालणारी ‘उवागुत’ वाहिनी सुरू झाली. उवागुत म्हणजे आपण, आपलं.

आता आपल्याकडे येऊ. काल एका मैत्रिणीनं विचारलं, “ताई, नाही म्हटलं तर परत कोण विचारणार?” प्रश्न खरा आहे. माझ्याकडे हमी नाही. इग्लूलिकलाही कित्येक वर्षं थांबावं लागलं. पण ज्याला ते ‘घरगुती भानगड’ म्हणतात, ती नवऱ्याची मारहाण असते, सुनेचं जळणं असतं. ते वगळून उरलेला अर्धा तास आपला कसा?

मला वाटतं, आपण तीन गोष्टी मागाव्यात. विषय आपण ठरवू. कॅमेरा आपल्या मुली धरतील. आणि वेळ बायका टीव्हीपुढे बसू शकतील अशीच हवी. हे मान्य असेल तर आनंदानं घेऊ. नसेल तर नको म्हणू, आणि का नको तेही गावाला सांगू.

तुम्हाला काय वाटतं, ते आता तुम्ही बोला.