पदर सोडू नका



'पदर' हा शब्द मी पंचवीस वर्षे वर्गात वापरत आलो. कवितेच्या अर्थाला पदर असतात, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. हरिश्चंद्रगडावर ती अपुरी पडली.

पावसाळ्याच्या अखेरीस गोव्यातून चार विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो होतो. गड १४२४ मीटर उंच. खिरेश्वरहून टोलार खिंड गाठायची आणि कातळ चढून माथ्यावरच्या पठारावर यायचे. आम्ही वर आलो तेव्हा धुक्यात चार हातांपलीकडचे दिसत नव्हते. एक गुराखी भेटला. म्हणाला, "म्होरं धार लागंल. तिच्यावर नका चढू. पदरानं जावा."

सगळे शब्द मराठीच. पण त्यांतून मला जमीन दिसेना. तरी मी मान डोलावली. मळलेली वाटली ती वाट धरली आणि आम्ही नेमके धारेवर चढलो. वीसेक मिनिटांनी वाट संपली. पुढच्या मुलीच्या पायाखालून दगड सुटला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. आम्ही होतो तिथे खाली बसलो. धुके क्षणभर विरळ झाले. समोर दरी होती.

सरकत सरकत मागे आलो. उताराच्या मध्यावर, लुगड्याच्या काठासारखी एक अरुंद सपाटी डोंगराला वळसा घालून गेली होती. तो पदर. त्यानेच आम्ही देवळापाशी पोहोचलो.

गुराख्याने वाट नीट सांगितली होती. मराठीच्या प्राध्यापकाला ती कळली नाही, आणि पुन्हा विचारायला त्याला संकोच वाटला. तो संकोच चार मुलांच्या जिवावर बेतला असता.

डोंगरातल्या माणसांनी हे शब्द पायांनी घडवले आहेत. डोंगरातून फुटून खाली उतरणारा फाटा म्हणजे सोंड. कड्यातली चिंचोळी घळ म्हणजे नळी. याच गडाच्या एका अवघड वाटेचे नाव 'नळीची वाट' आहे, आणि नावातच इशारा आहे. आपल्याकडे 'सडा' म्हटले की जांभ्याचा उघडा माळ डोळ्यांपुढे येतो. 'पठार' म्हटल्याने तो येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. सत्तरीत, चोर्ल्याच्या घाटात असे शब्द टिपाल, तेव्हा नुसता अर्थ लिहून परतू नका. सांगणाऱ्याला विचारा, "दाखवता का?" आणि त्याच्यामागून चाला.